'डाय नाही हो, फक्त काळी मेंदी लावते'

पत्र (थोडं कापून देतेय):

"डॉक्टर मॅडम, माझं वय ४७, सांगलीजवळ राहते, बँकेत नोकरी. गेले काही महिने डोक्याची नुसती आग आग होते. कोंडा म्हणावा तर फारसा नाही, उवा तर नाहीतच, पण केस विंचरताना मुळं दुखतात, संध्याकाळी अंबाडा सोडला की डोक्याला हात लावू देत नाही, आणि महिन्याभरापासून साधं पाणी ओतलं तरी झोंबतं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यानेच होतंय असं मिस्टरांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात तेल सोडलंस म्हणून डोकं तापलं, त्यामुळे रोज रात्री त्या कोमट खोबरेल थापून देतात, आणि आग फारच झाली तर मी थंड तेल लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुलीने तीन शाम्पू आणून दिले, एक सल्फेट-फ्री, एक कांद्याचा, एक लहान बाळांचा. पार्लरवाली स्काल्प स्पाचं पॅकेज घ्या म्हणतेय. गौरी जेवायच्या दिवशी तर सकाळी डोळे इतके सुजले होते की सवाष्णींना गॉगल लावून वाढलं, सगळे म्हणाले डोळे आलेत. माझी स्काल्प सेन्सिटिव्ह आहे का? कुठला शाम्पू वापरू? डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, तोवर बरं व्हायला हवं.

ता.क. केमिकलचं मी काहीच लावत नाही. डाय नाही हो, फक्त काळी मेंदी लावते दीड-एक महिन्याने, ती पण घरीच. या वेळी गौरी आणायच्या आदल्या दिवशी लावली होती."

ताई, शाम्पूचं नंतर बघू. पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता.क. मधे टाकलीत, आणि मला वाटतं पोस्ट करता करता सहज आठवलं म्हणून टाकलीत. ओपीडीत पण हे रोज होतं, बाई अर्धा तास शाम्पू, पाणी, पित्त, टेन्शन सगळं सांगते आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर म्हणते, हां, मेंदी तेवढी लावते. म्हणून मी आता पेशंट खुर्चीत बसला की आधी डायचंच विचारते, आणि 'नाही' म्हणाल्या की लगेच पुढचा प्रश्न, मग काळी मेंदी?

कारण काळी मेंदी ही मेंदी नसते. मेंदीच्या पानात जो रंग असतो त्याचं नाव लॉसोन, आणि तो केशरी-लाल रंगतो, हातावर रंगतो तसाच केसावर. तुम्ही लोखंडी कढईत भिजवा, चहाचं पाणी घाला, रात्रभर ठेवा, तपकिरी छटा येईल फार तर, पण अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणारी मेंदी झाडाला लागत नाही. पाकिटावर मेंदीचं हिरवं पान छापलेलं असतं खरं, पण मागच्या बाजूला शिलाईच्या जवळ बारीक इंग्रजीत जे लिहिलेलं असतं त्यात बहुतेक वेळा पॅरा-फिनाइलीन-डायअमीन असं एक लांबलचक नाव सापडेल, म्हणजेच पीपीडी, जे डायच्या बाटलीत असतं तेच. मेंदीची पावडर त्यात थोडीफार असतेच, म्हणून पाकिटावरचं पान अगदीच खोटं पण म्हणता येत नाही, पण केस काळे करायचं काम पीपीडी करतं. पाकीट अजून घरात असेल तर आत्ता उठून बघा, मोबाईलने फोटो काढून झूम करा म्हणजे वाचता येईल, आणि फेकू नका, त्याचं पुढे काम आहे.

आता गौरींचं बघू. मेंदी लावली आवाहनाच्या आदल्या दिवशी, डोळे सुजले जेवणाच्या दिवशी सकाळी, म्हणजे मधे साधारण दोन दिवस गेले. पीपीडीची अ‍ॅलर्जी अशीच येते. लावल्या लावल्या काही होत नाही, म्हणून कुणाला मेंदीवर संशयच येत नाही, मग २४ ते ७२ तासांत कधीतरी खाज, आग, सूज सुरू होते आणि तोवर आपण श्रीखंड, पुरणपोळी, जागरण, धूप, उदबत्ती सगळ्यांवर आळ घेऊन मोकळे. त्यातून डोक्याची कातडी जाड असते, ती पटकन दिसण्यासारखं काही दाखवत नाही. पापणीची कातडी मात्र शरीरात सगळ्यात पातळ, आणि केस धुताना काळं पाणी ओघळतं ते कपाळावरून, कानामागून, मानेवरून. म्हणून डोक्याला लावलेल्या गोष्टीची अ‍ॅलर्जी पुष्कळदा डोळ्यावर, कानाच्या पाळीवर आणि केसांच्या कडेने दिसते. डोळे आले असते तर ते लाल झाले असते, चिपडं आली असती, सकाळी पापण्या चिकटल्या असत्या आणि चार दिवसांत घरात अजून कुणाचे तरी आले असते, तसलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं लावतेय तेव्हा कुठे काय झालं. ताई, अ‍ॅलर्जी जन्मतः नसते, ती होते, आणि पुष्कळदा वापरून वापरूनच होते. शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या दिवशी त्या पदार्थाला 'हा शत्रू' म्हणून ओळखायला लागतात, तोवर दहा-दहा वर्षं काही होत नाही. पण एकदा ओळख पटली की ती साधारणपणे जन्मभराची. पुढच्या वेळी रिअ‍ॅक्शन लवकर येते आणि जास्त जोरात येते. पहिल्यांदा कानामागे नुसती खाज, मग कपाळावर पुरळ, मग डोळे, असं चढत जातं, आणि तुमचं डोळ्यापर्यंत आलंय.

पत्रावरून निदान करायचं नसतं हे मला माहितीये, तरी माझा पहिला संशय यावरच आहे आणि तो पक्का करायचा एक सरळ रस्ता आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, त्यात पीपीडी असतं, सुगंधी द्रव्यं असतात, प्रिझर्वेटिव्ह असतात, रबरातली केमिकल्स असतात, ४८ तासांनी पट्ट्या काढून बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात, तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, कंटाळवाणं आहे पण दुखत नाही. सांगलीत नाही झाली तर मिरजेला किंवा कोल्हापूरला चौकशी करा. लॅबवाले रक्तातली अ‍ॅलर्जी तपासायचं भलंमोठं पॅकेज देतात ना, धूळ, शेंगदाणे, झुरळ वगैरे, ते या कामाचं नाही, त्यात वेगळ्या प्रकारची अ‍ॅलर्जी कळते, ही नाही कळत. आणि कृपा करून घरी कानामागे मेंदी लावून टेस्ट करू नका. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं आणि ज्यांना आजवर काहीच झालेलं नाही त्यांनी प्रत्येक वेळी ते करावंच, ४८ तास थांबावं, पण ज्यांचे डोळे एकदा सुजलेत त्यांनी नाही.

मग तोवर काय, तर काळी मेंदी बंद, आजपासून. आणि तिच्या जागी अमोनिया-फ्री डाय आणू नका, अमोनियाचा आणि पीपीडीचा काही संबंध नाही, अमोनिया नसलेल्या डायमधे पीपीडी खुशाल असतं. पीपीडी-फ्री लिहिलेला पण नको, कारण त्यात बऱ्याचदा त्याचाच चुलतभाऊ टोल्युइन-डायअमीन असतो आणि पीपीडीच्या अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना तोही चालत नाही. हर्बल, आयुर्वेदिक, नॅचरल या शब्दांवर तर जाऊच नका. बिब्बा पण झाडालाच लागतो, तो उतला की काय होतं ते गावाकडच्या कुणालाही विचारा.

एक गोष्ट लिहून ठेवा. पीपीडीची अ‍ॅलर्जी निघाली तर दाताच्या डॉक्टरला, कुठल्याही डॉक्टरला ते सांगायचं, कारण तोंडाच्या किंवा हिरड्यांच्या काही जेलमधे बेन्झोकेन नावाचं बधीर करणारं औषध असतं, ते याच्याच नात्यातलं. दात काढताना देतात ते लिग्नोकेनचं इंजेक्शन वेगळ्या गटातलं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. आणि मुलीला, भाचीला पण सांगा, जत्रेत किंवा गोव्याच्या बीचवर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात ना पंधरा दिवस टिकणारे, त्यातही हेच असतं आणि पुष्कळदा जास्त कडक असतं. पोरांच्या हातावर नुसता फोड येऊन जातो, आपण विसरतो, पण ती ओळख शरीरात राहते आणि वीस वर्षांनी पहिला डाय लावला की तोंड सुजतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्काल्प सेन्सिटिव्ह आहे का. आहे, सध्या तरी आहे, पण ती 'आधीपासून' होती असं मला पत्रावरून वाटत नाही. सेन्सिटिव्ह स्काल्प म्हणजे वरून फारसं काही दिसत नाही पण आग होते, टोचतं, खाजतं, ओढल्यासारखं वाटतं, दुखतं, आणि साध्या साध्या गोष्टींनी होतं, पाणी, ऊन, घाम, शाम्पू, कंगवा. हे खूप लोकांना होतं. फ्रान्समधे एक पाहणी झाली होती, २००८ मधे छापून आली, त्यात ४४ टक्के लोकांनी आपली स्काल्प सेन्सिटिव्ह आहे असं सांगितलं. आपल्याकडे बायका ते सांगत नाहीत, 'डोकं तापलंय' म्हणून सोडून देतात. डोक्यावर लाखभर केस, प्रत्येकाच्या मुळाभोवती मज्जातंतूंचं वेटोळं, म्हणून केस नुसता हलला तरी कळतं. त्यात वरचा थर रिअ‍ॅक्शनने फाटलेला असेल तर खालच्या नसा उघड्या पडतात, आणि मग खरचटलेल्या गुडघ्यावर पाणी झोंबतं तसं डोक्यावर झोंबतं, पाणी बोअरचं असो की बिसलेरीचं. हा थर नीट व्हायला काही आठवडे लागतात. तुमच्याकडे दर दीड महिन्याने मेंदीचा नवीन हप्ता आणि मधल्या काळात तेल, थंड तेल, तीन शाम्पू, म्हणजे त्याला सावरायला वेळच मिळाला नाही. सगळ्यांनी प्रेमानेच केलं, पण प्रत्येकाने डोक्यावर अजून एक काहीतरी घातलं, काढलं कुणीच नाही.

थंड तेलाचं आधी सांगते कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त आवडतंय. त्यात मेंथॉल आणि कापूर असतो. मेंथॉल थंडी जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, त्यामुळे गार वाटतं, प्रत्यक्षात काही गार होत नाही, आग तशीच राहते आणि वर मेंथॉल, कापूर, सेंट, लाल-हिरवा रंग एवढं सगळं दुखऱ्या कातडीवर बसतं. तासाभराने आग परत आली की आपण परत लावतो. ही बाटली कपाटाच्या मागे नको, डॉक्टरांना दाखवून झाली की घराबाहेर काढा, नाहीतर एखाद्या रात्री हात जाईलच.

सासूबाईंचं खोबरेल, इथे जरा जपून लिहिते कारण पत्र त्यापण वाचतील. खोबरेल तेल वाईट नाही. केसाच्या काडीला ते खरंच चांगलं आहे, धुताना केसातलं प्रोटीन कमी झडतं असं २००३ च्या एका संशोधनात दिसलं होतं, ते संशोधन मुंबईच्या एका खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांचं होतं ही गंमत सोडा, पण ते बरोबर होतं. मात्र ते केसाचं झालं, कातडीचं नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची यीस्ट राहते, तिचं जेवण म्हणजे तेल, डोक्याचं स्वतःचं असो की बाटलीतलं. लॅबमधे ती वाढवायची तर डिशमधे ऑलिव्ह ऑइलचा थर देतात. ती तेल खाऊन जी आम्लं मागे टाकते त्यांनी काही लोकांची कातडी चिडते, तोच कोंडा, तीच खाज, आणि कोंडा दरवेळी पांढरा भुगा होऊन खांद्यावर पडेलच असं नाही, तेलकट डोक्यात तो पिवळट, चिकटून बसलेला असतो आणि तेलाखाली दिसत पण नाही. तुम्ही 'फारसा नाही' म्हणालात, म्हणजे थोडा आहे. तेव्हा रोज रात्री मुळाशी तेल नको. धुवायच्या आधी अर्धा-एक तास केसांच्या लांबीला लावा, मुळं सोडून, तेवढं पुरे. आणि सासूबाईंना म्हणावं डॉक्टरांनी महिनाभर थांबवलंय, मग मनाला लागत नाही.

कांद्याचा शाम्पू, कांद्याचा रस, लसूण, लिंबू, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, यातलं काहीही डोक्यावर नको. दुखऱ्या कातडीवर कच्चा लसूण बांधून फोड आलेले लोक येतात आमच्याकडे. लिंबू लावून उन्हात गेलं तर कपाळावर काळे डाग पडतात ते वेगळंच. ही यादी आजकाल रील्समुळे रोज वाढते, त्यामुळे प्रत्येकावर बोलत बसत नाही, फोडणीत जातं ते डोक्यावर नको एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

शाम्पू. सल्फेट-फ्री म्हणजे फेस आणणारं एक कडक द्रव्य नाही, चांगलंच आहे, पण अ‍ॅलर्जी सहसा सल्फेटची नसतेच, ती सेंटची असते, प्रिझर्वेटिव्हची असते, आणि बाळांच्या शाम्पूत पण सेंट असतो, उलट त्याचा वास आपल्याला जास्तच आवडतो. मिथाइल-आयसोथायाझोलिनोन असं एक जिभेला गाठ पडेल असं प्रिझर्वेटिव्ह आहे, अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मधे त्याला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं (हो, असा पण पुरस्कार असतो, २००६ चा पीपीडीला मिळाला होता), ते शाम्पू, हँडवॉश, भांड्याचं लिक्विड कशातही सापडतं. तुम्ही एकच शाम्पू ठेवा, फ्रॅग्रन्स-फ्री लिहिलेला, मेडिकलमधे मिळतो, रंग नाही, वास नाही, फेस कमी, वापरताना मजा येत नाही, तोच हवा. अनसेंटेड लिहिलेला चालेलच असं नाही, त्यात कधीकधी वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा धुवा. डोकं दुखतंय म्हणून पंधरा पंधरा दिवस न धुणाऱ्या बायका असतात, घाम-तेल-मळ साचून त्यांचं अजून बिघडतं. कोंड्याचा केटोकोनाझोल शाम्पू लागेल बहुतेक तुम्हाला, २ टक्क्यांचा, पण आत्ता कातडी उघडी असताना स्वतःहून सुरू करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, लोक तो लावतात आणि लगेच धुतात आणि म्हणतात गुण आला नाही.

बोअरच्या पाण्यावर मिस्टरांचा फार राग दिसतोय. जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा चिकट थर केसावर बसतो, केस राठ होतात, हे खरं आहे, म्हणून वडीने केस धूत असाल तर ते थांबवा. शाम्पूने तेवढं होत नाही. पण नुसत्या जड पाण्याने डोळे सुजत नाहीत, आणि त्याच पाण्याने मिस्टरांचं डोकं का नाही जळत हे त्यांना विचारा. हवं तर शेवटचे दोन तांबे फिल्टरचं पाणी घ्या. पाणी कुठलं यापेक्षा किती गरम याकडे जास्त बघा. गिझरचं कढत पाणी डोक्यावर घ्यायची सवय थंडीत सगळ्यांना लागते, कोमट करा.

अंबाड्याचं एवढंच की मुळं दिवसभर एकाच बाजूला ताणलेली असली की संध्याकाळी सोडल्यावर दुखतातच, त्यात क्लच घट्ट, त्यात पिना. महिनाभर सैल वेणी घाला, बँकेत कुणी काही म्हणत नाही. स्कूटीवर जात असाल तर ओल्या केसांवर हेल्मेट नको, आतला कपडा मधूनमधून धुवा, खाली पातळ सुती रुमाल बांधा, हेल्मेट काढू मात्र नका, हे मी स्पष्ट लिहिते कारण 'डॉक्टरांनीच सांगितलं' म्हणून सोडणारे असतात. भांगात कुंकू किंवा सिंदूर भरत असाल आणि खाज नेमकी भांगाच्या रेषेत असेल तर तेही थांबवून बघा, कुंकवातल्या रंगांची अ‍ॅलर्जी असते.

आणि उवा. 'नाहीतच' हे कुणी बघून सांगितलं? स्वतःच्या डोक्यात स्वतःला दिसत नाहीत. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर कानामागे आणि मानेजवळ कुणाकडून तरी ओल्या केसात बारीक फणी फिरवून घ्या एकदा, लिखा केसाला चिकटलेल्या असतात आणि कोंड्यासारख्या झटकल्या जात नाहीत. लाज वाटण्यासारखं काही नाही, उवांना स्वच्छ डोकं पण चालतं.

वयाचं एक. ४७ म्हणजे पाळीचे दिवस पुढेमागे होत असतील, अंगातून वाफा येत असतील, झोप मोडत असेल, या काळात कातडी कोरडी पडते आणि घामाने, ताणाने डोकं जास्त चुणचुणतं, खाज रात्री वाढते. ते खरं आहे, पण म्हणून सगळं 'वयाने होतं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

तर महिनाभर डोक्याला फक्त कोमट पाणी आणि तो एक बिनवासाचा शाम्पू, बाकी सगळं बंद, पार्लरचं पॅकेज पण बंद, त्या स्पामधे पण सेंट आणि मेंथॉल आणि वाफ आणि नखांनी मालिश यापेक्षा वेगळं काही नसतं. खाज आली तर गार पाण्याचं फडकं दाबून धरा, नखं कापून ठेवा. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडचं लोशन देतील, ते सांगतील तितकेच दिवस लावा, घाबरून अर्ध्यात सोडू नका आणि गुण आला म्हणून सहा महिने पण लावू नका. मेडिकलवाल्याकडून 'खाजेची ट्यूब' आणू नका, त्यात स्टेरॉइड, फंगसचं औषध, अँटिबायोटिक सगळी मिसळ असते आणि मग नक्की काय होतं ते आम्हालाही कळेनासं होतं. सगळं शांत झालं की एकेक गोष्ट परत आणा, मधे आठवडाभर जाऊ द्या, म्हणजे बिघडवणारं कोण ते आपोआप कळेल. दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळायला लागले तर घाबरू नका, अशा आजारानंतर गळतात आणि परत येतात.

महिनाभर थांबायचं नाही असं कधी, तर चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी. डोक्याच्या एकाच बाजूला आग आणि पाण्याचे फोड आले तर ती नागीण असू शकते, औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं बरं. पू, ताप, गोल चट्ट्यात केस जाणं, कोपरं-गुडघ्यांवर पण जाड पांढरे पापुद्रे, यातलं काही असेल तर लवकर दाखवा. आणि हे तुमच्यासाठी नाही, सासूबाईंच्या वयाच्या वाचकांसाठी, पन्नाशीनंतर कानशिलाजवळ डोकं नवीनच दुखायला लागलं, कंगवा लागला तरी दुखतं, चावताना जबडा दुखतो, अंधुक दिसतं, तर ते केसांचं दुखणं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, त्यात डोळा जाऊ शकतो.

राहिलं लग्न. केस काळे करायचे तर अस्सल मेंदी आणि मग नीळ (इंडिगोच्या पानांची पावडर, कपड्यांना घालतो ती नव्हे), असे दोन टप्पे असतात, पाकिटावर फक्त एकच पदार्थ लिहिलेला हवा, आणि वेळ जातो, चांगले तीन-चार तास. पण डिसेंबरपर्यंत तुमची कातडी त्यासाठी तयार असेल असं मी आत्ता लिहून देणार नाही, पॅच टेस्ट झाल्यावर तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोवर मुळांवर मारायची रंगीत पावडर मिळते, हेअर मस्कारा मिळतो, वरवर बसतो आणि धुतला की जातो, त्याच्या पण मागचं वाचून घ्या आणि आधी हातावर लावून दोन दिवस बघा. भांगातले पांढरे तेवढे झाकतील, रात्री घरी आलात की धुऊन टाका. नाहीतर तसेच जा, मावशीचे केस कुणी बघत नाही, सगळे जेवणाच्या पंगतीकडे बघत असतात. डॉक्टरकडे जाताना ते मेंदीचं पाकीट, तिन्ही शाम्पू आणि थंड तेलाची बाटली एका पिशवीत घालून न्या, आणि मोबाईलमधे गौरीच्या दिवशीचा गॉगल नसलेला एखादा फोटो असेल तर तोपण दाखवा.